अर्जावरचा मास्तर

माझे वडील गवंडीकाम करत. नांदुऱ्यात त्यांना सगळे मिस्तरी म्हणत. पुस्तकात मिस्त्री, कोकणाकडे मेस्त्री, आमच्याकडे मिस्तरी, आणि हाक मारणारा घाईत असला तर नुसतंच मिस्तर. स्टेशनाकडच्या आळीतल्या निम्म्या भिंती त्यांच्या हातच्या आहेत आणि अजून एकही कललेली नाही. हे मी फुशारकीने सांगते आहे. फुशारकी मारायला मला फार उशीर झाला, म्हणून आता भरपाई करते.

लहानपणी मला या शब्दाचा मोठा तोरा होता. एकदा बाबा मला रोहिणखेडला घेऊन गेले होते, कुणाच्या तरी लग्नाला. लग्न राहिलं बाजूला, ते मला तिथल्या जुन्या मशिदीपाशी घेऊन गेले आणि दगडांच्या सांध्यांवरून बोट फिरवत बसले. "यात चाकूचं पातं शिरते काय पाह्य," म्हणाले. मी पाहिलं, शिरत नव्हतं. "ज्यानं हे बांधलं त्याचं नाव कोनाले माहीत नाई. पन मिस्तरी व्हता, एवढं दगड सांगते." तिकडे पंगत उठली आणि आम्ही दोघं उपाशी परत आलो.

पुढे मी हायस्कुलात गेले आणि तोरा उतरला. वर्गात कापसाच्या व्यापाऱ्यांच्या मुली, पाटलांच्या मुली, स्टेशनमास्तरांची एक मुलगी. तिच्या बापाला मास्तर म्हणत आणि माझ्या बापाला मिस्तर, याचंसुद्धा मला वाईट वाटे. बाबा चुन्याने माखलेले पाय घेऊन शाळेवरून गेले की मी वहीत तोंड घालायची. कुणी मला काही म्हणालं नव्हतं. लाज ही माझी मीच घरी आणली होती.

मॅट्रिक झाले आणि मास्तरीण व्हायचं ठरवलं. घाटावरच्या एका गावात मुलींचं ट्रेनिंग कॉलेज होतं. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या कारकुनाची नातवंडं अजून तिथेच असतील आणि त्यांचं माझ्याशी काही वाकडं नाही. महाराष्ट्र होऊन दोनेक वर्षं झाली होती. गावोगाव शाळा निघत होत्या, शिकवणाऱ्या बायका हव्या होत्या, आणि आमच्या आळीतून ट्रेनिंगला जाणारी मी पहिलीच होते. बाबांनी त्या दिवशी काम बंद ठेवलं, धुतलेलं धोतर नेसले आणि मला घेऊन निघाले.

खिडकीशी कारकून अर्ज भरून घेत होता. एका कानाने जरा कमी ऐकायचा. त्याने माझं नाव विचारलं, गाव विचारलं, मग विचारलं, "वडिलांचा व्यवसाय?"

बाबांच्या गालात तंबाखू होती. साहेबासमोर थुंकायचं कसं, म्हणून त्यांनी ती तशीच धरली आणि म्हणाले, "मिस्तर."

कारकुनाने मान हलवली आणि लिहिलं, मास्तर.

मी खिडकीच्या गजांमधून ते अक्षर पाहिलं. शाई ओली होती. मी "अहो" म्हटलं असतं तर त्याने तिथल्या तिथे दुरुस्त केलं असतं. खाली छापलेलं होतं की खोटी माहिती आढळल्यास नाव कमी केलं जाईल, तेही मी वाचलं. आणि मी काही बोलले नाही. मला ते आवडलं होतं. कुणीतरी माझ्या बापाचे पाय धुऊन दिल्यासारखं वाटलं, आणि असं वाटल्याबद्दल मला अजून स्वतःला दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात.

एक खोटं पोटात घेतलं की त्याला पिल्लं होतात. वसतिगृहात मुली म्हणू लागल्या, "मास्तरांची मुलगी, म्हणून अक्षर एवढं वळणदार." मी नुसतं हसून घेतलं. मग कुणी विचारलं, कोणत्या वर्गाला शिकवतात? मी म्हटलं, चौथीला. मग विषय विचारला, तर भूगोल म्हटलं. ज्या माणसाला शाळेतलं काळी पाटी आणि पांढरा खडू एवढंच ठाऊक, त्याला मी भूगोलाचा मास्तर करून ठेवलं.

आमच्या मोठ्या बाई, म्हणजे कॉलेजच्या प्रमुख, पुण्याकडच्या. उंच, करड्या, नऊवारीची घडी न मोडणाऱ्या. आमच्या तोंडून "मले" निघालं की त्या टेबलावर पेन्सिल आपटत आणि आख्खा वर्ग एका सुरात "मला" म्हणे. मी त्यांना फार भ्यायची आणि त्यांच्यासारखंच व्हावं असंही मला वाटायचं. दिवाळीच्या आधी त्यांनी जाहीर केलं की सुटीनंतर दर शनिवारी एक अनुभवी शिक्षक येऊन आमच्यापुढे आदर्श पाठ घेईल, आणि त्यासाठी काही पालकांना पत्रं धाडली आहेत. मी ऐकलं आणि विसरले. कागदोपत्री माझा बापही मास्तर असलेला पालक आहे, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. खोटं बोलणाऱ्याने निदान स्मरणशक्ती तरी नीट ठेवावी.

दिवाळीत मी घरी होते. बाबा तेव्हा गार्डसाहेबांच्या कंपाउंडची भिंत बांधत होते. हे गार्डसाहेब मूळचे गोव्याचे, उभा जन्म मालगाडीच्या शेवटच्या डब्यात काढून निवृत्त झालेले. गोव्यात पोर्तुगीज होते तोवर त्यांना घरी जाणं अवघड होतं, आणि गोवा मोकळा झाला तोवर त्यांना आमच्या कोरड्या उन्हाची सवय लागली होती. संध्याकाळी व्हायोलिन वाजवत. तरुणपणी पाद्री व्हायला म्हणून दोन वर्षं लॅटिन शिकले होते आणि रेल्वेची शिटी ऐकून पळाले, असं ते स्वतःच सांगत.

त्या दिवशी मी बाबांची भाकर घेऊन तिथे गेले, तर पोस्टमन माझ्या आधी पोचला होता. घराला कुलूप दिसलं म्हणून त्याने कार्ड थेट मिस्तरी जिथे काम करतात तिथे आणून दिलं. बाबांनी ते गार्डसाहेबांच्या हाती दिलं, वाचून दाखवा म्हणून. मी फाटकातच थांबले.

गार्डसाहेबांनी चष्मा लावला आणि वाचलं. आपण अनुभवी शिक्षक आहात, आपली कन्या आमच्याकडे शिकते, तरी अमुक शनिवारी येऊन आपल्या आवडीच्या विषयाचा आदर्श पाठ घ्यावा ही विनंती.

"कोन मास्तर?" बाबांनी विचारलं.

"तू."

"मी?" बाबांनी थापी विटेवर ठेवली आणि माझ्याकडे वळले. "तू सांगतलं काय वं, मी मास्तर हाये म्हनून?"

"नाई बाबा. त्या कारकुनानं चुकीचं लिहलं. तुमी मिस्तर म्हनले, त्याले मास्तर ऐकू आलं."

"तुले दिसलं व्हतं लिहताना?"

मी तेव्हा खोटं बोलू शकले असते. त्यांना वाचता येत नव्हतं, कारकून दूर होता. पण त्यांच्या डोळ्याला डोळा देऊन मला कधी खोटं बोलता आलेलं नाही. "हाव," म्हटलं.

"मंग काऊन नाई बोलली?"

मी भाकरीच्या फडक्याची गाठ सोडून पुन्हा बांधली. त्यांनी माझ्याकडे पाठ केली, एक वीट उचलली, पाण्यात बुडवली, बसवली, थापीच्या दांड्याने दोनदा ठोकली. मला ओरडले असते तर परवडलं असतं. मी रडायला लागले ते भीतीने नाही, त्या दोन ठोक्यांनी.

आणि एवढ्यात गार्डसाहेब हसायला लागले. साधंसुधं नाही, पोट धरून.

"मेस्त," ते म्हणाले. बाबांना ते पहिल्यापासून मेस्त म्हणत, आम्हाला वाटायचं गोव्याकडे तसं म्हणत असतील. "मेस्त, या पोरीला रडवू नको. चिठ्ठीत चूक काहीच नाही. मास्तर आणि मिस्तरी एकच."

"एक कसे?" बाबा म्हणाले. "मास्तर खुर्चीवर बसते, मिस्तरी परांचीवर चढते."

तेव्हा गार्डसाहेबांनी आम्हाला जे सांगितलं ते मी पुढे तीस-पस्तीस वर्षं दर वर्षी माझ्या वर्गाला सांगितलं. ते म्हणाले, लॅटिन नावाची एक म्हातारी भाषा. आता तिला पाद्री सोडून कोणी विचारत नाही, पण तिला लेकी पुष्कळ. पोर्तुगीज एक, स्पॅनिश दुसरी, इटालियन तिसरी, फ्रेंच चौथी. आईच्या घरात एक शब्द होता, मागिस्तेर. लेकी सासरी गेल्या तेव्हा प्रत्येकीने तो पदराला बांधून नेला. पोर्तुगीज म्हणते मेस्त्र. स्पॅनिश आणि इटालियन म्हणतात माएस्त्रो. फ्रेंच निम्मी अक्षरं गिळते, ती म्हणते मेत्र. इंग्रजाकडे तो गेला आणि मास्टर झाला, आणि इंग्रजी शाळा निघाल्या तेव्हा तुमच्याकडे येऊन मास्तर म्हणून खुर्चीवर बसला.

"पण त्याच्या किती तरी आधी आमचे पोर्तुगीज जहाजातून उतरले होते," गार्डसाहेब म्हणाले. "त्यांच्याबरोबर मेस्त्र आला. त्याने इथे किल्ले बांधले, दारं केली. तुमच्या तोंडात तो झाला मेस्त्री, मिस्तरी. एका आईची दोन पोरं, मेस्त. एक आला पोर्तुगालहून, एक आला इंग्लंडहून. एकाच्या हातात थापी, एकाच्या हातात खडू. आणि हे तुझ्या पोरीच्या पायाशी घमेलं आहे ना, तेही आमचंच. ती बादलीपण."

"घमेलं माह्यं हाये," बाबा म्हणाले. "नांदुऱ्याच्या बजारातून आनलं."

गार्डसाहेबांना आता चेव आला होता. त्यांनी सांगितलं की त्यांच्या गावी चर्चच्या शाळेत मुळाक्षरं आणि व्हायोलिन शिकवणारे एक गुरुजी होते, त्यांना मेस्त्र म्हणत, आणि सुताराला म्हणत मेस्त. एकदा घरचं दार अडकलं. आईने सांगितलं, पळ, मेस्तला बोलाव. हे लहान, हे जाऊन व्हायोलिनच्या गुरुजींना घेऊन आले. गुरुजी बिचारे वाद्य काखेत मारून धावत आले आणि अडकलेल्या दारासमोर उभे राहिले. "मग?" मी रडणं विसरून विचारलं. "मग काय, खांदा लावला त्यांनी. उघडलं." आणि स्पेनमध्ये तर, ते म्हणाले, आजही प्राथमिक शाळेचा गुरुजी तो माएस्त्रो आणि भिंत बांधणारा मुख्य गवंडी तोही माएस्त्रो. त्यांच्याकडे अर्जावर कारकुनाची चूक झालीच नसती.

"पन अर्थ काय त्याचा?" बाबांनी विचारलं. त्यांचा प्रश्न नेहमी शेवटी यायचा आणि कामाचा असायचा.

"लॅटिनमध्ये मागिस म्हणजे जास्त. मागिस्तेर म्हणजे ज्याला इतरांपेक्षा जास्त येतं तो. आणि मीनुस म्हणजे कमी. त्यावरून मिनिस्तेर, म्हणजे हाताखालचा, चाकर. तोच पुढे मिनिस्टर झाला."

नवं राज्य झाल्यापासून आमच्याकडे मिनिस्टरांचे दौरे फार वाढले होते. रस्त्याला चुना मारायला, कमानीला खड्डे खणायला दर वेळी बाबांनाच बोलावत आणि ऐन वेळी मागे उभं करत. बाबांनी हे सगळं मनात लावून पाहिलं.

"म्हंजे मिनिस्टर कमी?"

"कमी."

"अन् मिस्तरी?"

"जास्त."

बाबा इतके हसले की त्यांना आपल्याच ओल्या भिंतीला हात लावावा लागला, आणि ओल्या भिंतीला हात लावणाऱ्याला ते एरवी शिव्या देत. मग हसणं थांबवून त्यांनी डोळे पुसले आणि मला म्हणाले, "शनिवारी येतो मी तिथं."

मी हादरले. वाटलं होतं, गंमत झाली, आता गार्डसाहेबांकडून एक कार्ड लिहून घेऊ, वडील आजारी आहेत म्हणून. तसं म्हटलंही.

"मले आजारी पाडू नको," बाबा म्हणाले. "बोलावनं माह्या नावानं आलं. मी जातो. तू तिथं काय सांगायचं ते तुह्यं तू पाह्य."

सुटी संपली आणि मी पुढे गेले. तो आठवडा मी कसा काढला ते विचारू नका. नाव कमी झालं तर वर्ष गेलं, आणि आमच्या घरात दुसरं वर्ष मिळणार नव्हतं. शेजारणीने आईला आधीच एक स्थळ सुचवून ठेवलं होतं. शनिवारी सकाळी मनात एकच नवस, की मोताळ्याच्या पुढे घाटात बाबांची बस बंद पडो. बस वेळेवर आली.

हॉलमध्ये आम्ही चाळीस मुली सतरंजीवर. पुढे फळा, टेबल, खुर्ची, आणि टेबलावर खडूचा नवा डबा. दाराशी मोठ्या बाई पाहुण्यांची वाट पाहत उभ्या. बाबा आले. धोतर, सदरा, डोक्याला फेटा, खांद्याला हत्यारांची गोणपाटाची पिशवी. बाईंनी एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "मिस्त्री ना तुम्ही? भेग मागच्या भिंतीला आहे. तिकडून वळसा घालून जा."

कॉलेजच्या भिंतीला भेग पडली होती आणि दुरुस्तीला गवंडी बोलावला होता, हे आम्हाला तेव्हा कळलं. पाहा, त्या गावात माझ्या बापाला पहिल्यांदा कुणीतरी बरोबर ओळखलं होतं.

"ते बी पाहू," बाबा म्हणाले. "पह्यले पाठ घेतो."

"पाठ? कसला पाठ?"

बाबांनी सदऱ्याच्या खिशातून कार्ड काढलं. बाईंनी कार्ड पाहिलं, बाबांना पाहिलं, आणि मग चाळीस मुलींमधून बरोबर माझ्याकडे पाहिलं. बाबांनी पाहिलं नाही. ते छताकडे बघत होते. तुझं तू पाहा म्हणाले होते, आणि शब्दाला जागत होते.

मी उभी राहिले. एकदा तोंड उघडल्यावर मला थांबवता येत नाही, हा माझा जुना रोग तिथे कामी आला. "बाई, हे माझे वडील. हे मास्तर नाहीत, मिस्तरी आहेत. अर्जावर चुकून मास्तर लिहिलं गेलं. मी ते तेव्हाच पाहिलं होतं. मले लाज वाटत होती म्हणून मी सांगितलं नाही. ते चौथीला शिकवत नाहीत आणि भूगोलही शिकवत नाहीत."

मले म्हटलं गेलं होतं. पेन्सिल आपटली नाही.

"खाली काय छापलं होतं ते वाचलं होतंस?"

"हो."

"मग पुढे काय होतं ते तुला ठाऊक आहे."

बाबांनी पिशवी खाली ठेवली. "बाई," ते म्हणाले, "पोरीचं काय करायचं ते तुमी करा. चूक तिचीच हाय. पन मले तुमी पाठ घ्यायले बोलावलं. अर्धा दिवस मोडून आलो. घेऊन जातो."

आणि बाईंच्या उत्तराची वाट न पाहता त्यांनी पिशवीतून दोरी काढली.

त्या तासाचं वर्णन मी कितीदा केलं असेल, प्रत्येक वेळी ऊर भरून येतो. खुर्चीकडे त्यांनी पाहिलं नाही, फळ्याकडेही नाही. पहिल्या रांगेतल्या तीन मुलींना उठवलं. सतरंजी गुंडाळायला लावली. एकीला म्हणाले, "कोपरा काढ जमिनीवर. घराचा कोपरा, सरळ." तिने खडूने काढला. "हा सरळ हाय हे कशावरून?" तिने खडू शेजारणीला दिला. दुसरीने वेगळा काढला. "हिचा सरळ की तिचा?" आता चाळीस माना पुढे आल्या. मग त्यांनी दोरीला हाताने मोजून खुणा केल्या, तीन हात, चार हात, पाच हात. दोन्ही टोकं एकत्र बांधली आणि तिघींना तीन खुणा धरायला दिल्या. "तान. अजून तान. सैल सोडली की घर पडन." दोरी ताणली आणि त्या तिघींच्या मधे एक कोपरा उभा राहिला, असा काटेकोर की मला तो हवेत दिसला.

मागून एक मुलगी ओरडली, "हा तर पायथागोरसचा सिद्धांत!"

"कोनत्या गावचा मिस्तरी व्हय तो?" बाबांनी विचारलं.

हसण्याचा जो लोट आला त्यात मी बाईंकडे पाहायचं धाडस केलं. त्या भिंतीशी उभ्या होत्या. काखेतली पाठनिरीक्षणाची वही त्यांनी उघडली होती आणि पेन्सिल चालत होती. आमच्या प्रत्येक पाठाला त्या त्याच वहीत खुणा करत: प्रस्तावना, प्रश्न, ज्ञाताकडून अज्ञाताकडे. सवयीने उघडली असेल. पण मिटली नाही.

मग बाबा दोरी घेऊन हॉलच्या कोपऱ्यात गेले, लावून पाहिली आणि म्हणाले, "हा कोपरा खोटा हाय. चार बोटं."

"म्हणून ते कपाट बसत नाही!" बाईंच्या तोंडून निघून गेलं. कोपऱ्यातलं कपाट गेली कित्येक वर्षं तिरपं उभं होतं आणि दर पावसाळ्यात त्या सुताराला बोल लावत होत्या.

बाबांनी ओळंबा, म्हणजे दोरीला टांगलेलं वजन, सोडून भिंत सरळ आहे का ते पाहायला शिकवलं. प्रत्येकीच्या हातात दिला. चुकली तिला रागावले नाहीत, नुसतं "पुन्हा" म्हणाले. बाईंनी विचारलं, हे तुम्हाला कुणी शिकवलं? आता त्या उभ्या राहून विचारत होत्या आणि बाबा जमिनीवर उकिडवे बसून सांगत होते.

"आमच्या मिस्तऱ्यानं. मारलं नाई कधी. भित वाकडी गेली की पाडायले लावायचा. आपल्याच हातानं बांधलेली आपल्याच हातानं. एकडाव पाडली का पुन्हा वाकडी जात नाई." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "माह्या पोरीनं आत्ता तुमच्यासमोर पाडली. तुमी पाह्यलं."

बाईंनी कारकुनाला हाक मारली. तो अर्जांचं रजिस्टर घेऊन आला, सगळं ऐकून घाबरला आणि म्हणाला, राहू द्या की बाई, एका अक्षराचा तर फरक. मग मी गार्डसाहेबांचं सगळं सांगितलं. मागिस्तेर आणि त्याच्या लेकी, खडू आणि थापी, मिनिस्टर कमी कसा ते. मिनिस्टरांपाशी बाईंच्या ओठांचा कोपरा हलला, मी शपथेवर सांगते.

"शब्द एक असेल," त्या म्हणाल्या, "पण तू तो खोटा म्हणून वापरलास. खोड. तुझ्या हाताने लिही."

मी मास्तर खोडलं आणि वर लिहिलं मिस्तरी, आमच्या बोलीतलंच. बाई म्हणाल्या, शुद्ध रूप मिस्त्री. मी म्हटलं, आमच्याकडे मिस्तरी म्हणतात. मला वाटलं, आता संपलं. त्यांनी रजिस्टर आपल्याकडे ओढलं, खाली सही केली आणि म्हणाल्या, "नाव राहील. ओसरी मात्र वर्षभर तू झाडायची." मी ती वर्षभर झाडली, आणि तेव्हापासून आजतागायत इतक्या आनंदाने हातात केरसुणी धरलेली मला आठवत नाही.

बोलावलेला गवंडी काही आला नाही. बाबा मागच्या भिंतीकडे गेले, भेग पाहिली, आणि पाहिल्यावर त्यांना परत फिरवेना. बाईंनी चुना, वाळू मागवली. मुलींनी पदर खोचले आणि विहिरीपासून भिंतीपर्यंत रांग केली. मी रांगेत सगळ्यात पुढे, शिडीच्या पायथ्याशी. खालून आलेलं घमेलं मी वर द्यायची आणि बाबा घ्यायचे. मोठ्या बाई छत्री धरून उन्हात उभ्या होत्या आणि दोनदा त्यांनीही घमेल्याला हात लावला.

रांगेतून कुणीतरी ओरडलं, "मास्तर, चुना पुरे का?"

बाबा वरून वाकले. चुन्याने पांढरा झालेला हात त्यांनी खाली माझ्या डोक्यापर्यंत आणला आणि साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मले मिस्तरी म्हन, पोरी. मास्तर हे माही पोर हाय."